पन्नाशीतली उलथापालथ: दोष स्वभावाचा की डोक्यातल्या ‘चांगल्या बाई’चा?

ताई, आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते सांगते, म्हणजे चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. वय ५०. सहकारी बँकेत आयुष्य गेलं, गेल्या वर्षी व्हीआरएस घेतली, कारण सासूबाईंना दिवसभर एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं. मुलगा नोकरीसाठी पुण्याला. पाळी मागेपुढे होत होत बंद व्हायच्या बेतात. रात्री तीनला जाग येते ती येतेच, कशावरूनही डोळे भरून येतात. अहो म्हणतात, ‘आता कुठे आराम मिळालाय, तर रडतेस काय?’ आणि तुमच्याच वयाची जाऊ, जिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, ती भजनी मंडळ, सहली, भिशी यांत रमलेली दिसते. त्यावरून तुम्ही निष्कर्ष काढलात की तिचा स्वभाव खमका, तुमचा रडका, स्वभावाला औषध नाही, मग समुपदेशकाकडे जाऊन काय होणार? शेवटी जाता जाता विचारलंत की पतसंस्थेत अर्ध्या वेळेचं काम चालून आलंय, हो म्हणू का?

तुम्ही स्वभावाबद्दल विचारलंत, पण तुमच्या मजकुरातली तीन वाक्यं मी पुन्हा वाचली. ‘सासूबाईंसाठी बाई ठेवली तर नातेवाईक काय म्हणतील.’ ‘दुपारी आडवं पडलं की चोरी केल्यासारखं वाटतं.’ ‘हे सगळं ह्यांना सांगणं बरं दिसत नाही.’ यात स्वभाव फार थोडा आहे. बाईने कसं वागावं याच्या समजुती जास्त आहेत. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये मी हे पुन्हा पुन्हा पाहते. आयुष्याने वळण घेतलं की स्वभाव ठरवतो धक्का किती जोरात लागणार. पण धक्का लागल्यावर काय काय करायची मुभा आहे, हे समजुती ठरवतात. बसायची मुभा आहे का, मागायची आहे का, ‘मला जमत नाहीये’ म्हणायची आहे का. हळवी बाई, आणि वर मुभा काहीच नाही, असं जुळलं की माणूस अडकतं. तुम्ही बहुधा तिथे अडकला आहात.

पुढे जाण्याआधी शरीराचं बोलून घेते. आपल्याकडे पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, पन्नाशीतही जाते. ती जाण्याआधीची दोन-चार वर्षं मनाला जड असू शकतात. अंगातून वाफा येतात, रात्री घामाने जाग येते आणि सलग झोप मिळाली नाही की भल्याभल्यांचा धीर सुटतो. त्यामुळे थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना झोपेचं स्पष्ट सांगा, नुसतं ‘थकवा आहे’ म्हणू नका. दुसरं म्हणजे, दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जगणं नको असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल, तर हे उत्तर पुढे वाचत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तिथे फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

आता जाऊबाई. तुलना केलीच आहे तर नीट करू. त्या बहिर्मुख असतील, माणसांत गेल्या की त्यांना तरतरी येत असेल. हा स्वभावाचा भाग खरा. पण बाकीचा हिशोब तुम्ही बँकेत करायचात तसा करा. घर कोणाच्या नावावर आहे? पेन्शन कोणाच्या हातात येते? त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे का? दुपारी बाहेर पडताना त्यांना कोणाला विचारावं लागतं का? मला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून त्या सुखी आहेत की नाहीत हे मी सांगणार नाही. इतकंच सांगते की भजनात टाळ वाजवणारी बाई रात्री किती वाजता झोपते, हे भजनी मंडळाला कळत नसतं.

त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. विधवा बाईने कसं राहावं याच्या समजुती आपल्याकडे अजून किती कडक आहेत ते तुम्ही जाणता. २०२२ च्या ४ मे रोजी कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या गावातल्या बायकांचा स्वभाव त्या दिवशी बदलला नव्हता. त्यांना काय करायची मुभा आहे, तेवढं बदललं. तुमच्या जाऊबाई आज मोकळ्या वावरत असतील, तर त्यांच्याभोवतीच्या कोणीतरी, कदाचित त्यांच्या मुलीने किंवा दिरानेच, ती मुभा दिली असेल. नाहीतर त्यांनी ती भांडून मिळवली असेल. विचारून पाहा.

स्वभावाकडे येते. मानसशास्त्रात स्वभाव पाच पैलूंनी मोजायची पद्धत रूढ आहे: चिंताशीलता, बहिर्मुखता, नव्या अनुभवांची ओढ, जुळवून घेण्याची वृत्ती आणि कर्तव्यदक्षता. वेगवेगळ्या देशांतल्या मोजमापांत स्त्रियांची सरासरी चिंताशीलतेत आणि जुळवून घेण्यात पुरुषांपेक्षा थोडी जास्त येते. ‘थोडी’ हा शब्द विसरू नका, कारण दोघांमधला सारखेपणा फरकापेक्षा मोठा आहे. ज्यांची चिंताशीलता जास्त, त्यांना बदल जास्त बोचतो, यात शंका नाही. तुम्ही म्हणता तशी तुम्ही लहानपणापासून हळवी असाल, तर मुलगा पुण्याला गेल्यावर रिकामी खोली तुम्हाला जाऊबाईंपेक्षा जास्त टोचणार.

पण तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते ती कर्तव्यदक्षतेची. हसू नका. कॅश जुळल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय बँकेत गुण होती. जर्मनीत हजारो लोकांची वर्षानुवर्षं माहिती गोळा केलेली आहे. तिच्यावर आधारलेला एक अभ्यास २०१० साली आला. त्यात नोकरी सुटल्यावर सगळ्यांचंच समाधान घटलं, पण कर्तव्यदक्ष लोकांचं जास्त घटलं. तुमची व्हीआरएस म्हणजे बेकारी नव्हे हे मान्य. तरी कारण ओळखीचं आहे. ज्याने आपली किंमत कामावरून मोजली, त्याचा काटाच काढून घेतला की तो कशावर मोजणार? माझ्या पाहण्यातल्या अशा बायका मग घरच कॅश काउंटर करतात. डबे घासले जातात, माळे आवरले जातात, सासूबाईंच्या गोळ्यांचं वेळापत्रक मिनिटावर येतं आणि तरी संध्याकाळी वाटतं, आज काही केलंच नाही. कारण घरकामाला ‘जुळलं’ असं म्हणून उठायची वेळच नसते.

आणि हो, स्वभावाला औषध नाही हे अर्धंच खरं आहे. वय वाढतं तशी बहुतेकांची चिंताशीलता आपोआप थोडी उतरते. उपचारांनी स्वभाव बदलतो का, यावरच्या २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांनंतर मोजता येण्याजोगा बदल दिसला आणि सर्वांत जास्त बदल नेमका भावनिक स्थैर्यात, म्हणजे चिंताशीलतेच्या उलट बाजूत होता. हळवी बाई खमकी होत नाही. पण रात्री तीनला उठलेली बाई सव्वातीनला पुन्हा झोपू शकते, आणि तेवढ्यानेही दिवस वेगळा जातो.

आता समजुती. इथे मी जरा रेंगाळणार आहे. पहिल्या-दुसऱ्या भेटीत मी एक वाक्य अर्धवट देते: ‘चांगली बाई ती, जी...’ आणि म्हणते, विचार न करता पूर्ण करा, पाच-सहा वेळा. शिकलेल्या, कमावत्या, मुलीला एकटीला परदेशी पाठवणाऱ्या बायका क्षणात लिहितात: जी सगळ्यांच्या आधी उठते. जी मागत नाही. जी दुखलं तरी बोलून दाखवत नाही. मग मी विचारते, हे तुम्ही तुमच्या मुलीला किंवा सुनेला सांगाल का? बहुतेकजणी ‘छे!’ म्हणतात. म्हणजे वरच्या मनाने जे नाकारलंय ते आत अजून चालू आहे. अशा बाईला दुहेरी त्रास होतो. नियम पाळला की स्वतःचा राग येतो, मोडला की अपराधी वाटतं.

एका बाईंचं सांगते, ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. शाळेतून निवृत्त झालेल्या. दुपारी पाठ टेकली की कान गेटकडे. कडी वाजली की दचकून उठायच्या आणि ओट्याशी जाऊन उभ्या राहायच्या, हातात काहीतरी धरून. येणारा असायचा दूधवाला नाहीतर कुरिअरवाला. घरात त्यांना कोणी बोलणारं उरलं नव्हतं, सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलं बाहेरगावी गेली तरी कणिक चार माणसांचीच भिजवली जायची आणि उरलेल्या पोळ्या रात्री त्या स्वतः खायच्या, टाकवत नाही म्हणून. आमचं काम तिथूनच सुरू झालं. कडी वाजली तरी दहा आकडे मोजेपर्यंत उठायचं नाही, एवढंच. पहिल्या आठवड्यात त्यांना घाम फुटला. काही आठवड्यांनी त्या झोपूनच ओरडायला लागल्या, ‘कोण आहे?’

सेवाभाव वाईट असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ व्हिकी हेल्गेसन यांनी यावर बरंच काम केलंय. माणसांना जीव लावणं, काळजी घेणं यामुळे कोणी आजारी पडत नाही, त्याने नाती घट्ट होतात. त्रास होतो तो स्वतःला पार वगळून केलेल्या काळजीने. त्याच्या खुणा ओळखता येतात. न मागता मदत करणं. दुसऱ्याची अडचण रात्री आपल्या उशाशी घेऊन झोपणं. आणि आपल्याला कोणी मदत करू म्हटलं की अवघडणं. सासूबाईंचं तुम्ही मायेने करता, हे तुमच्या लिहिण्यातून दिसतं. पण नणंद ‘आठवडाभर आईला माझ्याकडे पाठव’ म्हणाली तेव्हा तुम्ही ‘नको, तुला त्रास’ म्हणालात, तिथे माया संपून दुसरंच काही सुरू झालं.

आणखी एक बाजू आहे आणि ती जास्त फसवी. ‘बाई म्हणजे घराची लक्ष्मी’, ‘आईइतकं कोणाला जमत नाही’, अशा कौतुकाच्या समजुती. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखवून दिलं की बाईला कमी लेखणाऱ्या समजुतींबरोबर अशा गोड समजुतीही नांदतात, आणि दोन्ही मिळून बाईला तिच्या ठरलेल्या जागी ठेवतात. शिवी दिली तर निदान राग तरी येतो. ‘तुझ्याशिवाय आईचं कोणाला जमणार?’ या वाक्यावर रागावणार कसं? तुमच्या व्हीआरएसचा अर्ज या वाक्याने भरला गेला का, एवढं स्वतःला विचारा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

इथे एक खबरदारी. पारंपरिक विचारांच्या बायका सगळ्या दुःखी आणि आधुनिक विचारांच्या सगळ्या सुखी, असं मुळीच नाही. ज्यांना घर हेच आपलं क्षेत्र वाटतं आणि घरात ज्यांचा शब्द चालतो, अशा कितीतरी बायका या वयात निवांत असतात. उपास, वाऱ्या, नातवंडं यांत त्यांचं चांगलं चालतं. बोचतं ते समजूत आणि परिस्थिती यांचं जुळत नाही तेव्हा. म्हणून मी कोणाच्याही समजुती सरसकट बदलायला जात नाही. दुखतंय कुठे ते बघून तेवढी एकच हातात घेते.

मुलगा घराबाहेर पडल्याचं दुःख मी शेवटी ठेवलं, कारण ते सर्वांत नैसर्गिक आहे आणि बहुतेकींचं वर्षभरात निवळतं. कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजातून १९५८ आणि १९६० साली बाहेर पडलेल्या मुलींचा मानसशास्त्रज्ञ रॅव्हेना हेल्सन यांनी पुढे पन्नास वर्षं पाठपुरावा केला. त्या बायकांना पन्नाशीची सुरुवात आयुष्यातल्या चांगल्या काळांपैकी वाटत होती. मुलं घराबाहेर पडल्यावर त्यांचं नवऱ्याशी पटणंही वाढलं. नवऱ्याबरोबर जास्त वेळ मिळाला म्हणून ते झालं नव्हतं, जो वेळ मिळायचा तो जास्त आनंदात जायला लागला होता. पण त्या शिकलेल्या, बऱ्यापैकी सुस्थितीतल्या अमेरिकन बायका. आपल्याकडे मुलगा बाहेर पडतो त्याच दारातून सासूबाई आत येतात, घरटं रिकामं होतच नाही. त्यामुळे त्यांचा मोकळेपणा तुम्हाला आपोआप मिळणार नाही, तो वेळ काढून घ्यावा लागेल.

तर करायचं काय? एक आठवडा वहीत दिवसाचे तास लिहा, तुमचे आणि अहोंचेही, न सांगता. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं आलं, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. म्हाताऱ्या माणसांचं करणं यात धरलेलंही नाही. तुमच्या घरचा आकडा समोर आला की ‘आराम मिळालाय’ या वाक्याचं काय करायचं ते वहीच सांगेल. मग अहोंशी बोला, पण रात्री रडताना नको. सुट्टीच्या सकाळी, चहा झाल्यावर, वही पुढे ठेवून. तक्रार नको, मागणी ठेवा आणि ती एकच ठेवा: रोज संध्याकाळी साडेपाच ते सात सासूबाई अहोंकडे. ‘मदत करा’ म्हणालात तर ते एकदा भाजी आणून देतील. वेळ आणि जबाबदारी ठरवून दिलीत तरच ती त्यांची होईल. पहिले काही दिवस ते गोळी चुकवतील. विषारी किंवा जीवावरची गोष्ट नसेल तर मध्ये पडू नका, हे तुम्हाला सर्वांत जड जाईल. गोळ्यांची डबी वारांची घ्या, म्हणजे धोका कमी.

सासूबाईंसाठी दिवसाची बाई ठेवायची की नाही हे पैशावर आहे. पण जमण्यासारखं असेल आणि अडत असेल फक्त ‘लोक काय म्हणतील’ यावर, तर दोन महिने प्रयोग म्हणून ठेवा. कोण काय म्हणालं ते वहीत लिहा, नावासकट. बायका मला नंतर ती यादी दाखवतात, तेव्हा तीत दोन-तीन नावं असतात आणि त्यातली एकही सासूबाईंचं डायपर बदलायला येणारी नसते.

समुपदेशनाबद्दल: शहरात असाल तर विवेकनिष्ठ पद्धतीने (आरईबीटी) किंवा वर्तन-विचार उपचारांनी (सीबीटी) काम करणारं कोणी शोधा. आठवड्याला एक भेट, सहा-आठ भेटींत दिशा कळते. पहिल्या भेटीत ‘माझा स्वभाव रडका आहे’ असं सांगू नका, गेल्या आठवड्यात कधी, कुठे, काय झाल्यावर रडू आलं ते सांगा. त्यावर काम करता येतं.

आता पतसंस्था. कामाची, हिशोबाची, चार माणसांची सवय असलेल्या बाईला अर्ध्या दिवसाचं काम बहुधा चांगलंच मानवेल. पण क्रम महत्त्वाचा. १९८३ साली अमेरिकेतल्या जोडप्यांच्या एका अभ्यासात नोकरी करणाऱ्या बायकांमध्ये नैराश्य कमी दिसलं ते नवरा-बायको घरकाम वाटून घेत होते तिथे. बायकोने नोकरी करावी असं दोघांनाही वाटतं, पण घर मात्र तिच्यावरच, अशा घरांत नवरा खुशीत आणि बायको खचलेली होती. म्हणून पतसंस्थेला महिनाभर थांबवा. तोवर रक्ततपासणी उरका, झोपेवर डॉक्टरांचा सल्ला घ्या, आणि तुम्ही कामावर असताना सासूबाईंजवळ कोण, हे नावानिशी ठरवा: बाई, अहो, की आठवड्यातून दोन दिवस नणंद. ते नाव तुमचंच येत असेल, सकाळचा स्वयंपाक उरकून, दुपारचं झाकून ठेवून, मध्ये दोनदा घरी फोन करून, तर आत्ता नाही म्हणा. दुसरं कोणी ठरलं तर हो म्हणा, आधी तीन महिन्यांसाठी, आणि पगार स्वतःच्या नावाच्या खात्यात घ्या. नणंदेला आजच फोन केलात तरी चालेल, तिने स्वतःहून विचारलं होतं.